जानेवारीत पास, एप्रिलमध्ये नापास : अकोल्यातल्या एका एडिटिंग मशीनची रॅम

अकोल्यात लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणारा एक लहान स्टुडिओ आहे. एडिटिंगसाठी तिथे एकच मोठं मशीन आहे. त्यात रायझन ९ ७९०० प्रोसेसर, रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, ३२ जीबीच्या दोन डीडीआर५ स्टिक (पट्ट्या), मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड आणि फायली साठवायला दोन एनव्हीएमई ड्राइव्ह आहेत. मशीन डिसेंबरात जोडलं गेलं आणि जानेवारीत त्याची रॅम ओव्हरक्लॉक झाली, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेगवान केली गेली. मार्च संपेपर्यंत एकही तक्रार नव्हती. एप्रिलच्या मध्यापासून ते दुपारी बिनसायला लागलं.

तक्रारी एकमेकींशी न जुळणाऱ्या होत्या. लांबलचक एक्सपोर्ट शेवटाकडे येऊन थांबायचा, पुन्हा लावला की पूर्ण व्हायचा. ग्राहकाला पाठवायची झिप फाइल उघडताना चुकीचा सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) दाखवायची. ब्राउझरची टॅब आपोआप बंद पडायची. दोन-तीनदा निळा स्क्रीन आला आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं लिहिलेलं होतं. स्टुडिओच्या मालकांना याचा वैताग होता, पण भीती नव्हती. रीस्टार्ट केलं की काम पुढे जात होतं.

भीती वाटली ती एका फोटोमुळे. हळदीच्या कार्यक्रमातल्या एका फ्रेममध्ये मधोमध एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली सगळा फोटो हिरवट-जांभळा झालेला होता. कॅमेऱ्याच्या कार्डावर मूळ फोटो असायला हवा होता. पण ते कार्ड फॉरमॅट होऊन पुढच्या लग्नात वापरलं गेलं होतं. त्या क्षणी मशीनचा प्रश्न ग्राहकाच्या फोटोंचा प्रश्न झाला, आणि मला बोलावलं गेलं ते यासाठी.

रॅममध्ये काय बदललं होतं

सेटिंग मालकांच्या पुतण्याने केली होती. तो इंजिनिअरिंगला आहे आणि या विषयात खरोखर रस घेऊन वाचतो. त्याने काम पाट्या टाकल्यासारखं केलेलं नव्हतं. प्रत्येक बदलाचा फोटो काढून ठेवला होता, बायोसची (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामची) जुनी सेटिंग पेनड्राइव्हवर जपून ठेवली होती. मेमरी तपासायच्या मेमटेस्ट८६ चे चार पास (पूर्ण फेऱ्या) त्याने पूर्ण केले होते, टेस्टमेम५ रात्रभर चालवलं होतं, वाय-क्रंचरही तासन्‌तास चालवलं होतं. "टेस्ट तर साऱ्या पास झाल्या होत्या न दादा," असं तो म्हणाला, आणि ते शब्दशः खरं होतं. मशीन विकणाऱ्यांपैकी फार थोडे लोक इतकी तपासणी करतात.

हा रॅमचा संच ६००० वेगाचा, सीएल ३० चा, म्हणजे माहिती मागितल्यावर ती यायला घड्याळाची ३० चक्रं लागतात. उत्पादकाने तपासलेला वेग, टायमिंग आणि व्होल्टेज स्टिकवरच्या लहानशा चिपमध्ये लिहिलेलं असतं आणि बायोसमध्ये एक पर्याय निवडला की ते लागू होतं. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० सोबत आणलेली ही सोय म्हणजे एक्स्पो प्रोफाइल. बरेच जण एक्स्पोला ओव्हरक्लॉक मानत नाहीत, पण तो आहेच. या प्रोसेसरसाठी कंपनीने सांगितलेला मेमरीचा वेग दोन स्टिकना ५२०० आहे, डीडीआर५ चं मानक व्होल्टेज १.१ आहे, आणि या संचाचा एक्स्पो १.३५ व्होल्ट मागतो.

पुतण्याने वेग ६००० वरच ठेवला होता, आणि ते शहाणपणाचं होतं. या प्रोसेसरमध्ये साधारण तिथपर्यंतच मेमरी कंट्रोलर (मेमरीशी देवाणघेवाण करणारा प्रोसेसरचा भाग) मेमरीच्या घड्याळाशी एकास एक चालतो. फार पुढे गेलं की त्याला निम्म्या गतीवर यावं लागतं आणि मिळवलेला फायदा तिथेच जातो. त्याने हात घातला तो आतल्या टायमिंगना, म्हणजे मेमरीच्या कुठल्या कामाला घड्याळाची किती चक्रं द्यायची त्या आकड्यांना. व्होल्टेज १.४० केलं, टीआरएफसी ८८५ वरून ४८० वर आणला, आणि टीआरईएफआय सुमारे ११,७०० वरून थेट ६५,५३५ वर नेला. बायोस याच्यापेक्षा मोठा आकडा घेतच नाही.

या प्रकरणाचं मूळ या शेवटच्या आकड्यात आहे.

रॅमचा प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून ठरावीक वेळाने प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. हा रिफ्रेश. डीडीआर५ च्या मानकाप्रमाणे रिफ्रेशचा आदेश दर ३.९ मायक्रोसेकंदांनी जातो आणि असे ८,१९२ आदेश झाले की, म्हणजे साधारण ३२ मिलिसेकंदांत, सगळी मेमरी एकदा भरून होते. दोन आदेशांमधलं अंतर म्हणजे टीआरईएफआय. एका आदेशाला लागणारा वेळ म्हणजे टीआरएफसी. या स्टिकवरच्या १६ गिगाबिट चिपसाठी तो २९५ नॅनोसेकंद आहे. तेवढा वेळ मेमरी दुसरं काहीच करत नाही.

हिशेब मांडला की मोह का होतो ते कळतं. मानक आकड्यांनी मेमरीचा सुमारे साडेसात टक्के वेळ रिफ्रेशमध्ये जातो. एका चक्रात दोनदा माहिती जाते, म्हणून ६००० वेगाला घड्याळ ३,००० मेगाहर्ट्झ असतं, तेव्हा ४८० चक्रं म्हणजे १६० नॅनोसेकंद आणि ६५,५३५ चक्रं म्हणजे जवळपास २१.८ मायक्रोसेकंद. या आकड्यांनी रिफ्रेशवरचा खर्च एक टक्क्याच्याही खाली येतो. बँडविड्थ (एका वेळी जाणारी माहिती) वाढते, लेटन्सी (उत्तर यायचा उशीर) उतरते, वेग मोजणाऱ्या बेंचमार्कमध्ये ते लगेच दिसतं, आणि त्यासाठी वेग वाढवावा लागत नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की जी ओळ ३२ मिलिसेकंदांत भरली जायची ती आता सुमारे १७९ मिलिसेकंदांनी भरली जाते. तेवढा वेळ तिने विद्युतभार धरून ठेवायचा. थंड चिप तो आरामात धरते. कपॅसिटरची गळती मात्र तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. मानकातच तशी तरतूद आहे, ८५ अंशांच्या वर गेल्यास रिफ्रेश दुप्पट वेळा करावा लागतो.

संशयितांची रांग

आधी ड्राइव्ह तपासल्या. दोन्हींची स्मार्ट माहिती (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) स्वच्छ होती. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) चांगल्या प्रतीचा होता आणि प्रोसेसरचं तापमान मर्यादेत होतं. दुकानदाराने एकेक स्टिक काढून चालवून पाहायला सुचवलं होतं. मी ते टाळलं. एक स्टिक काढली की उरलेलीला हवा मिळते, कंट्रोलरवरचा भार उतरतो आणि दोष असूनही मशीन नीट चालतं. मग काढलेल्या स्टिकवर नाहक ठपका बसतो.

एक साधी तपासणी अशा वेळी फार उपयोगी पडते. रॅमपेक्षा मोठी, शंभर जीबीच्या वरची एक फाइल घ्यायची आणि विंडोजमधल्याच सर्टयुटिलने तिचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, पुन्हा पुन्हा काढायचा. फाइल रॅममध्ये मावत नाही, त्यामुळे ती दर वेळी ड्राइव्हवरूनच वाचली जाते. ड्राइव्हवर लिहिलेलं बदलत नाही, म्हणजे उत्तरही बदलायला नको. सकाळी उत्तर दर वेळी तेच आलं. दुपारी तीनच्या सुमाराला, शेजारी एक्सपोर्ट चालू असताना, एका वेळी वेगळं आलं आणि त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा बरोबर. खराब झालेल्या ड्राइव्हवरून असं सहसा घडत नाही. वाचलेला मजकूर वाटेत बदलत होता.

वेळेचा धागाही इथेच हाती आला. मालकांनी निळ्या स्क्रीनचे फोटो मोबाइलवर काढले होते. त्या फोटोंच्या वेळा आणि विंडोजच्या इव्हेंट लॉगमधल्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर जवळपास सगळं दुपारी एक ते संध्याकाळी सहाच्या मधलं निघालं.

मग खोली पाहिली. एसी पुढच्या दालनात, जिथे ग्राहक अल्बम बघतात. एडिटिंगच्या खोलीत कूलर. कॅबिनेट लाकडी टेबलाच्या कप्प्यात, आणि धूळ जाऊ नये म्हणून त्या कप्प्याला दार. समोरच्या फिल्टरवर धुळीचा थर. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकणं नवं नाही आणि एप्रिलची दुपारही त्याच्या फार मागे नसते. लग्नाचे मुहूर्तही याच दिवसांत दाटीने असतात. मशीनवर सर्वाधिक काम आणि मशीनभोवती सर्वाधिक उष्णता, दोन्ही एकाच वेळी येतात.

जानेवारीतल्या टेस्ट मात्र रात्री झाल्या होत्या, कप्प्याचं दार उघडं होतं आणि ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलं होतं. मेमरीच्या कुठल्याच टेस्टला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रत्यक्ष एक्सपोर्टच्या वेळी तेच कार्ड सर्वात जास्त तापतं, आणि त्याची गरम हवा वर जाताना थेट दोन्ही स्टिकवरून जाते. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज नियंत्रित करणारी चिपही स्टिकवरच असते, तिची उष्णता वेगळी. ३२ जीबीच्या स्टिकना दोन्ही बाजूंनी चिप असतात. पुतण्याच्या जुन्या फोटोंमध्ये टेस्टच्या शेवटी स्टिकचं तापमान ४४ अंश दिसत होतं. एप्रिलच्या दुपारी, दार बंद असताना आणि एक्सपोर्ट चालू असताना मी पाहिलं, तर ते ६८ होतं.

दुपारची टेस्ट

म्हणून टेस्ट दुपारीच घ्यायची ठरवली, आणि मुद्दाम वाईट परिस्थितीत. दार बंद, कूलर रोजच्यासारखा, ग्राफिक्स कार्डावर त्याला तापवणारं फरमार्क, मेमरीवर टेस्टमेम५, आणि सेन्सर वाचणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये दोन्ही स्टिकच्या तापमानाची नोंद. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो, त्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही.

पुतण्याच्या सेटिंगवर सुरुवातीची बरीच मिनिटं स्वच्छ गेली. तापमान ६२ च्या आसपास पोहोचल्यावर पहिली एरर आली, मग त्या येतच राहिल्या. एरर कधी येते याला फार अर्थ असतो. व्होल्टेज कमी पडत असेल किंवा मुख्य टायमिंग चुकीचं असेल, तर ती बहुधा सुरुवातीलाच येते. स्टिक तापल्यानंतर येणारी एरर रिफ्रेशकडे बोट दाखवते.

त्यानंतर एका वेळी एकच बदल. बायोस मूळ स्थितीला, म्हणजे ४८०० वेगाला नेला, तर टेस्ट पूर्ण स्वच्छ. फक्त एक्स्पो लावला, तरी स्वच्छ, आणि तेव्हा स्टिक ६९ अंशांवर होत्या. एक्स्पोसोबत टीआरएफसी ४८० केला आणि टीआरईएफआयला हात लावला नाही, तरीही स्वच्छ. टीआरएफसी मूळ आकड्यावर ठेवून फक्त टीआरईएफआय ६५,५३५ केला, आणि एरर परत आल्या. तीच सेटिंग ठेवून कप्प्याचं दार उघडलं, कॅबिनेट बाहेर ओढलं, स्टिकवर एक पंखा धरला, तेव्हा तापमान ५७ ला थांबलं आणि टेस्ट पास झाली. याहून स्पष्ट पुरावा लागत नाही.

पुतण्याने एक चांगला प्रश्न विचारला. मेमटेस्ट८६ मध्ये बिट फेड नावाची टेस्ट आहे, मेमरीत ठरावीक नमुना लिहून पाच मिनिटं थांबते आणि मग वाचते. गळती पकडायलाच ती आहे, मग तिने हे का पकडलं नाही? ती पाच मिनिटं मेमरी निवांत असते आणि थंड होते, आणि जानेवारीतल्या रात्री ती अजूनच थंड होती. टेस्ट योग्य होती, तिला मिळालेली हवा चुकीची होती. वाय-क्रंचर आणि प्राइम९५ हे प्रोसेसर आणि मेमरी कंट्रोलरवर जबरदस्त भार टाकतात, त्यामुळे कंट्रोलरची कमतरता ते छान पकडतात. पण ग्राफिक्स कार्डाची उष्णता त्यांच्यातही नसते.

डीडीआर५ मधली आणखी एक गोष्ट या प्रकरणात आडवी आली. प्रत्येक चिपच्या आतच एक दुरुस्ती यंत्रणा असते, १२८ बिटांमागे ८ तपास-बिट, आणि एखादा बिट उलटला तर ती तो परस्पर सुधारते. कानावर चांगलं पडतं, पण ही दुरुस्ती कुणाला कळवली जात नाही. तापमान वाढत जातं, एकेक बिट उलटत जातो, चिप मुकाट्याने सावरते, आणि टेस्टमध्ये शून्य एरर दिसतात. पहिली एरर दिसते तेव्हा एकाच गटातले दोन बिट गेलेले असतात. म्हणून या मेमरीत शून्य एरर आणि ऐसपैस जागा शिल्लक असणं यांत मोठं अंतर आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवर झालेली चूक तर ही यंत्रणा पाहतच नाही. त्यासाठी पूर्ण ईसीसी (प्रोसेसरपर्यंतच्या चुका पकडणारी व्यवस्था) असलेल्या स्टिक लागतात, त्या चालणारा मदरबोर्ड लागतो, आणि आपल्याकडच्या लहान गावांत अशा स्टिक सहज मिळत नाहीत. मला याचं वाईट वाटतं, कारण मेमरीच्या चुका फक्त ओव्हरक्लॉक करणाऱ्यांच्याच वाट्याला येतात असं नाही. गूगलच्या सर्व्हरवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात दर वर्षी आठ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये किमान एक दुरुस्त झालेली चूक नोंदली गेली होती, आणि ते सर्व्हर ओव्हरक्लॉक केलेले नव्हते.

काय ठेवायचं, काय सोडायचं

इथे पुतण्याचं आणि माझं मत वेगळं पडलं. त्याचं म्हणणं असं, की टीआरईएफआय निम्म्यावर, ३२,७६७ वर ठेवू आणि स्टिकवर कायमचा पंखा बसवू. फायद्याचा मोठा भाग त्यातही मिळतो, आणि हिशेबाने तो बरोबर होता. दुपारच्या टेस्टला, पंख्याशिवाय, ही सेटिंग जवळपास दोन तास टिकली आणि मग एकच एरर आली. पंखा लावल्यावर एकही नाही.

गेमिंगचं मशीन असतं तर मी त्याचं ऐकलं असतं. गेम बंद पडला तर पुन्हा सुरू करता येतो. इथे मात्र सगळी सुरक्षितता एका लहान पंख्यावर टांगलेली राहिली असती, आणि वऱ्हाडातली धूळ अशा पंख्याला दोन उन्हाळे नीट जगू देत नाही. पंखा बंद पडला तर कळणार कसं? फोटो बिघडल्यावरच. शिवाय फायदा किती ते मोजून पाहिलं होतं. स्टुडिओच्याच एका पूर्ण लग्नाचा एक्सपोर्ट दोन्ही सेटिंगवर चालवला, तेव्हा फरक काही सेकंदांचा आला, कारण एनकोडिंगचं मुख्य काम ग्राफिक्स कार्ड करतं. हे आकडे त्याच्यासमोर ठेवले तेव्हा त्याने स्वतःच टीआरईएफआय ऑटोवर नेला.

शेवटी एक्स्पो ठेवला, व्होल्टेज १.३५ वर परत आणलं, टीआरएफसी ६०० ठेवला, म्हणजे २०० नॅनोसेकंद. ४८० दुपारच्या टेस्टमध्ये पास झाला होता, पण मे अजून यायचा होता. बायोसमध्ये गेल्यावर एसओसी व्होल्टेजही (मेमरी कंट्रोलर असलेल्या प्रोसेसरच्या भागाचं) पाहून घेतलं. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली, आणि त्याआधीचा बायोस असलेली मशीन अजूनही भेटतात. इथला बायोस नंतरचा होता. कप्प्याचं दार आणि मागची फळी काढून टाकली, फिल्टर धुतला. ग्राफिक्स कार्डाच्या वर, मागच्या बाजूला हवा बाहेर टाकणारा एक पंखा जास्तीचा लावला. स्टिक आता भर दुपारच्या एक्सपोर्टला ६० च्या खाली राहतात.

आधी बिघडलेल्या फायलींचं काय

मशीन दुरुस्त झालं, पण जानेवारी ते एप्रिल या काळात त्यावरून गेलेला प्रत्येक फोटो, प्रत्येक क्लिप रॅममधून गेली होती. त्यातलं काय बिघडलं हे सांगणारी यादी कुठेच नाही. कार्डावरून ड्राइव्हवर कॉपी होताना एक बिट उलटला, तर विंडोज काही बोलत नाही. ड्राइव्ह तो चुकीचा बिट इमानदारीने जपते, आणि बॅकअपमध्येही तोच जातो.

थंडीतलं काम बहुतेक सुरक्षित असणार, हे तापमानाच्या नोंदींवरून मानायला जागा होती. म्हणून मार्चच्या शेवटापासूनची लग्नं आधी घेतली. ज्यांची कार्डं अजून फॉरमॅट झालेली नव्हती ती सगळी पुन्हा कॉपी केली आणि जुन्या प्रतीशी हॅश जुळवले. काही फायली जुळल्या नाहीत, त्यांच्या जागी नव्या ठेवल्या. ज्यांची कार्डं पुसली गेली होती त्यांच्यासाठी दुसऱ्या फोटोग्राफरच्या कार्डांवरून जवळच्या फ्रेम मिळवल्या. डीएनजीमध्ये (अडोबीचा रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फोटोंचा प्रकार) बदललेल्या फायलींचा थोडा फायदा झाला, कारण त्या प्रकारात चित्राचा हॅश आतच साठवता येतो आणि फोटो-एडिटिंगचं सॉफ्टवेअर लाइटरूम तो तपासून देतो. पण फाइल डीएनजी होण्याच्या आधीच बिघडली असेल, तर तोही उपयोगाचा नाही. बाकीच्या जेपीईजी एकेक उघडून डोळ्यांनी पाहिल्या. बिघडलेली जेपीईजी बहुतेक वेळा रेघ किंवा रंगबदल दाखवते. कॉम्प्रेस न केलेल्या रॉ फाइलमध्ये बहुधा एखादाच पिक्सेल चुकतो आणि तो कुणालाच दिसत नाही, ते त्यातल्या त्यात बरं.

हळदीची ती फ्रेम मिळाली नाही. तिच्या काही सेकंद आधीची एक होती, नवरीची मान थोडी वळलेली. मालकांनी घरच्यांना फोन करून खरं काय झालं ते सांगितलं आणि ती फ्रेम अल्बमात घेतली.

आता स्टुडिओत कार्ड फॉरमॅट करण्याचा नियम बदलला आहे. कॉपी झाली की हॅश जुळवणारं एक छोटं सॉफ्टवेअर कार्डावरच्या आणि ड्राइव्हवरच्या फायली पुन्हा वाचून तुलना करतं. तेही मशीन रीस्टार्ट केल्यानंतर, म्हणजे रॅममध्ये उरलेल्या प्रतीशी तुलना होत नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत गेल्याशिवाय कार्ड मोकळं होत नाही. पुतण्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर ४५ अंश असताना, तीच दुपारची टेस्ट पुन्हा चालवली आणि तापमानाची नोंद मला पाठवली. एरर शून्य, स्टिक ६१. फेब्रुवारीतल्या लग्नांचे बॅकअप उघडून पाहायचं काम अजून चालू आहे. रोज संध्याकाळी तो थोडे थोडे पाहतो.